पुरणयंत्र, श्रीयंत्र आणि 'नाही' म्हणायची लाज

होळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी सकाळी आईचा फोन. "अरे, पुरणयंत्राची जाळी ऑनलाईन मिळते ना? दोन दिवस शोधतेय, नुसते देव येतायत."

"देव?"

"श्रीयंत्र, कुबेरयंत्र... आणि एक गरुडपुराण. सणाच्या तोंडावर गरुडपुराण कशाला दाखवतात रे?"

मी आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग तिच्याकडे गेलो. आईचं पुरणयंत्र पस्तीस वर्षांचं. स्टीलचं, हाताने फिरवायचं, खाली बदलता येणारी जाळी. यंत्र अजून ठणठणीत आहे, फक्त बारीक जाळीला मधोमध चीर गेलीय. पूर्वी ती सरळ उठून तुळशीबागेत गेली असती. आता गुडघे साथ देत नाहीत, त्या गर्दीत चालणं जमत नाही, म्हणून फोन हातात घेतला. नातवाने ॲप टाकून दिलंय, कसं वापरायचं तेही शिकवलंय. बाई हुशार आहेत, लाईट बिल स्वतः भरतात.

मी शेजारी बसून बघितलं. ती बरोबरच लिहीत होती. पण इंग्रजी अक्षरांत 'पुरण' आणि 'पुराण' एकसारखंच लिहिलं जातं. मग पुढे 'यंत्र' आलं, की झालंच! पुराण अधिक यंत्र म्हणजे गिऱ्हाईक भाविक आहे हे नक्की. तांब्याचं श्रीयंत्र, सोनेरी मुलामा दिलेलं कुबेरयंत्र, शिवपुराण सटीक. म्हटलं देवनागरीत लिहून बघू. 'पुरणयंत्र जाळी'. आता देव गेले, पण मच्छरदाण्या आल्या, बाल्कनीत लावायची कबुतरांची जाळी आली, सिंकमधे बसवायची गाळणी आली. पाचव्या-सहाव्या नंबरला एक चक्क मिक्सर होता, त्याच्या नावातच पन्नास शब्द घुसडलेले, त्यात कुठेतरी 'पुरण'ही होतं.

मग मलाच चेव आला. चकलीचा सोऱ्या शोधला, तर भिंतीवर टांगायचे पितळी सूर्य आले. पळी शोधली, तर पाली भाषेचं व्याकरण. (हे पुस्तक चांगलं दिसत होतं हा भाग वेगळा.) मी एकेक वाचून दाखवत हसत होतो. आई हसत नव्हती. ती म्हणाली, "जाऊ दे रे. मलाच नीट लिहिता येत नसेल. आता नाही जमत मला हे."

आणि मंडळी, इथे माझं हसू संपलं. कारण हे जे काही तिच्यासमोर चाललं होतं, ते कसं चालतं हे मला पक्कं माहीत होतं. तसंच एक यंत्र बनवायला मी स्वतः हात लावलाय.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ऑनलाईन दुकानाच्या सर्चवर काम करणाऱ्या टीममधे मी होतो. सर्चचा गाभा तसा साधा असतो. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच दुकानाची एक सूची बनवायची. 'जाळी' हा शब्द कुठल्या कुठल्या वस्तूंच्या नावात आहे, 'यंत्र' कुठल्या, 'पुरण' कुठल्या. गिऱ्हाइकाने तीन शब्द लिहिले की तीन याद्या काढायच्या आणि तिन्हींत सापडणाऱ्या वस्तू दाखवायच्या. मग त्यांचा क्रम लावायचा. त्यासाठीची एक युक्ती केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी १९७२ साली मांडली होती आणि ती आजही वापरात आहे. जो शब्द कमी ठिकाणी येतो, त्याला वजन जास्त. 'स्टील' हजारो वस्तूंत आहे, त्यावरून काही कळत नाही. 'पुरण' मोजक्याच वस्तूंत आहे, म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्या शब्दात आहे. किती शहाणपणाची गोष्ट आहे बघा!

पण आमच्या साहेबांची तक्रार वेगळीच होती. गिऱ्हाइकाने काही शोधलं आणि 'काहीही सापडलं नाही' असं पान आलं, तर ते निघून जातं. ते पान बंद करा. झालं, लागलो कामाला. सगळे शब्द जुळत नसतील तर एक शब्द सोडून द्यायचा. तरी नाही जुळलं तर स्पेलिंग जवळपासचं धरायचं. तरीही नाही, तर कुठलाही एक शब्द जुळला की पुरे. तीन महिन्यांत ते रिकामं पान जवळजवळ दिसेनासं झालं. आम्ही केक कापला. केकवर क्रीमने भलंमोठं शून्य काढून त्यावर लाल फुली मारली होती. मला चांगला मोठा तुकडा मिळाला होता.

त्या केकचं बिल आता आईच्या नावावर फाटलंय.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, आता तर सगळीकडे एआय आहे. खरंय. आता शब्दाला शब्द जुळवण्यापुरतं काम उरलेलं नाही. गिऱ्हाइकाचं वाक्य आणि दुकानातली प्रत्येक वस्तू यांचं शेकडो आकड्यांच्या यादीत रूपांतर करतात, म्हणजे नकाशावर एकेक टाचणी टोचल्यासारखं, आणि तुमच्या टाचणीच्या सर्वात जवळच्या टाचण्या उचलून आणतात. यात खूप फायदा आहे. तुम्ही 'थंडीत घालायचं' लिहिलं तर नावात 'थंडी' नसलेला स्वेटरही येतो. पण एक गोम आहे. 'सर्वात जवळचं' असं काहीतरी नेहमीच असतं! वाळवंटात गाडी बंद पडली आणि जवळचा पेट्रोल पंप दोनशे किलोमीटरवर असला, तरी तो 'सर्वात जवळचा'च. दोनशे किलोमीटर म्हणजे 'जवळ पंप नाही' हे कुणीतरी सांगायला लागतं. त्यासाठी एक रेघ मारावी लागते, की याच्या पलीकडचं दाखवायचं नाही. रेघ मारणं सोपं नाही, पण अशक्य तर मुळीच नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रेघ मारली की रिकामं पान परत येतं, आणि ते कुणालाच नको असतं.

शोधयंत्र चांगलं की वाईट, हे मोजायची दोन मापं आहेत. इंग्लंडमधे क्रॅनफिल्ड इथल्या सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालाने १९६० च्या दशकात प्रयोग करून ती रुजवली. एक, जेवढं दाखवलं त्यातलं कामाचं किती. दोन, जेवढं कामाचं होतं त्यातलं दाखवलं किती. एक वाढवायला गेलं की बहुधा दुसरं घसरतं. धान्य पाखडताना होतं तसंच, सूप जोरात हलवलं तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात, हळू हलवलं तर कोंडा राहतो. गंमत अशी की ग्रंथालयासाठी बनलेली ही मापं गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी आहेत. त्याला हवं ते मिळालं का, एवढंच ती विचारतात. बाजारात तिसरंच माप आलं: गिऱ्हाइकाने कशावर तरी बोट ठेवलं का?

आईने बोट ठेवलं होतं. श्रीयंत्रावर. का, तर "म्हटलं नाव यंत्र आहे, आत उघडल्यावर जाळी असेल". पण तिकडे मोजणाऱ्याला काय दिसलं? 'पुरणयंत्र' शोधणाऱ्या बाईंनी श्रीयंत्र उघडून पाहिलं, दोन मिनिटं वाचलं. म्हणजे निकाल यशस्वी! अशी गोंधळलेली हजार बोटं पडली की यंत्र शिकतं, पुरणयंत्र मागणाऱ्याला श्रीयंत्र दाखवावं. चुकीतून शिकणं म्हणतात ते हेच बहुतेक, फक्त उलट्या दिशेने.

इथपर्यंतचं सगळं मी एक वेळ माफ करीन, कारण त्यात लबाडी कमी आणि आळस जास्त आहे. पुढचा भाग मात्र पैशाचा आहे.

त्या पानावर सर्वात वर जे चार यंत्रं-पुराणं होती, त्यांच्या कोपऱ्यात फिकट राखाडी रंगात बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं. आईचा चष्मा लावूनही ते दिसत नाही, मी बघितलंय. म्हणजे ती वस्तू तिथे आली ती जुळली म्हणून नाही, विक्रेत्याने त्या जागेचे पैसे मोजले म्हणून. १९९८ साली सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज हे स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी होते. त्यांनी आपल्या शोधयंत्रावर जो प्रबंध लिहिला, त्याच्या पुरवणीत स्वच्छ म्हटलं होतं की जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र आपोआपच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोनच वर्षांनी, २००० साली, त्यांच्याच गूगलने शोधाशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली. असो. माणूस संसाराला लागला की बदलतो.

पण गूगलवर निदान दुकान त्यांचं नव्हतं. इथे दुकानदारच जाहिरातवाला झालाय. ॲमेझॉनचं जगभरातलं जाहिरातींचं उत्पन्न २०२१ साली सुमारे ३१ अब्ज डॉलर होतं, २०२४ साली ते ५६ अब्जांवर गेलं. सप्टेंबर २०२३ मधे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांना बरोबर घेऊन ॲमेझॉनवर खटला भरला. त्यातला एक आरोप नेमका हाच आहे की असंबद्ध जाहिराती दाखवल्याने शोधाचा दर्जा घसरतो हे माहीत असूनही कंपनीने त्या वाढवल्या. तक्रारीत दिलेलं एक उदाहरण मी दोनदा वाचलं: पाण्याची बाटली शोधली तर वरच्या जाहिरातीत नर हरणाचं मूत्र! (तिकडे शिकारी लोक हरणाला भुलवायला वापरतात.) कंपनीने आरोप फेटाळलेत, खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण ते उदाहरण वाचल्यावर मला गरुडपुराण एकदम सौम्य वाटायला लागलं.

यात विक्रेत्याचंही भलं नाही. माझ्या एका मित्राची बायको घरी मसाले करून विकते. तिने तिच्याच मसाल्याचं नाव टाकून शोधलं, तर आधी दुसऱ्यांच्या जाहिराती आणि मग ती. आता स्वतःच्या नावासमोर स्वतः उभं राहायला तिला पैसे मोजावे लागतात. हे पैसे ती कुठून काढणार? मसाल्याच्या किमतीतून. म्हणजे परत आपल्याकडूनच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सहकारी म्हणतील की घरभेदी आहे. हे काम खरोखर अवघड आहे. आपण एकच वस्तू दहा प्रकारे लिहितो. इंग्रजी अक्षरांत 'जाळी' लिहायची तर ळ कुठून आणणार? तिथे ळ नाहीच, मग जाळीची 'जाली' होते. मोठ्या दुकानांची ॲपं आता मराठीत दिसतात, पण बटणं मराठीत आली म्हणजे शोध मराठीत आला असं नाही. वस्तूचं नाव विक्रेत्याने इंग्रजीतच लिहिलेलं असतं, आणि कसं लिहिलेलं असतं ते तुम्ही बघितलंच असेल. सोऱ्याच्या नावात चकली, शेव, कुरडई, गाठी, पास्ता, केक, बहिणीला भेट, दिवाळी, असं सगळं. विक्रेताही काय करणार, कुठल्या शब्दाला कोण गळेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्यालाच गळ लावून बसतो.

तर 'पुरण' आणि 'पुराण' यांत यंत्राचा गोंधळ उडाला, ही चूक मी समजू शकतो. माझाही उडाला असता. पण गोंधळ उडाल्यावर तो लपवणं ही चूक नाही, तो निर्णय आहे. "मला नक्की कळलं नाही" किंवा "ही वस्तू आमच्याकडे नाही", ही दोन वाक्यं लिहायला एका इंजिनिअरला एक दुपार पुरते. न लिहिण्यासाठी मात्र अख्खी टीम बसवलेली असते. मी बसलो होतो, म्हणून सांगतो. आणि त्या न लिहिलेल्या वाक्याचा परिणाम काय होतो? समोरचा माणूस दोष स्वतःकडे घेतो. यंत्र तर चुकत नाही म्हणतात, इतकं सगळं दाखवतंय, म्हणजे मलाच जमत नाही. शोध चुकला तर तरुण पोरं ॲपला शिव्या घालतात. आईच्या वयाची माणसं स्वतःला घालतात.

शेवटी फोन ठेवला, यंत्र पिशवीत घातलं आणि मीच निघालो तुळशीबागेत. शनिवार, त्यात होळी तोंडावर, म्हणजे गर्दी विचारूच नका. भांड्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो. काकांनी मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"

"पुरणयंत्राची जाळी. बारीक."

"यंत्र आणलंय?"

आणलं होतं. (आईचा सल्ला.) काकांनी जुनी जाळी काढली, उलटसुलट केली, आपल्याकडच्या एका जाळीवर ठेवून बघितली. दोन सेकंद. "नाही. ह्या मापाची आता येत नाही माझ्याकडे. आमची बसेल, पण हलत राहील, डाळ बाजूने खाली पडेल. रविवार पेठेत बोहरी आळीत बघा. मिळाली तर तिथेच."

पुण्याच्या दुकानदारांवर आपण इतके विनोद केलेत की पुरे. त्या 'नाही'वर तर जास्तच. पण त्या दिवशी मला त्या 'नाही'ची किंमत कळली. त्या एका शब्दात केवढी माहिती होती! त्याला माझी वस्तू नक्की कळली होती, त्याने आपलं दुकान मनात धुंडाळलं होतं, जवळची वस्तू होती पण ती चालणार नाही हेही सांगितलं होतं, आणि का चालणार नाही तेही. शिवाय पुढचा पत्ता. माझा वेळ वाचला आणि आईची डाळ. शंभर-दीडशे रुपयांची जाळी खपवणं त्याला अजिबात अवघड नव्हतं. नाही खपवली. पुढच्या वेळी स्टीलचा डबा घ्यायचा असला तर मी कुठे जाईन, सांगा बरं?

बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात जाळी मिळाली. पण मुद्दा तो नाही. तिथेही मिळाली नसती, तरी निदान मिळत नाही हे कळलं असतं, आणि आईने मिक्सरवर पुरण वाटायला घेतलं असतं. 'नाही' हेसुद्धा उत्तर आहे. त्यावर माणूस पुढचं ठरवू शकतो. दोनशे मच्छरदाण्यांवर काय ठरवणार?

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. सगळे शब्द जुळणारी वस्तू नसेल तर पानाच्या वर ठळक अक्षरात सांगा की नाही, आणि खाली रेघ मारून मग तुमची 'जवळपासची' दुकानदारी मांडा. कुठला शब्द तुम्ही सोडून दिलात तेही दाखवा. जाहिरात दाखवायची तर दाखवा, पण मागितलेल्या वस्तूची दाखवा, आणि 'जाहिरात' हा शब्द आईला चष्मा लावून वाचता येईल एवढा मोठा लिहा. यातलं काहीही करायला नवीन शोध लावावा लागत नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. आपल्याकडच्या ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत म्हटलंय की वस्तूंचा क्रम कशावरून लावतो, त्यातले मुख्य मुद्दे कुठले आणि कुणाला वजन किती, हे दुकानाने सोप्या भाषेत, सहज सापडेल असं जाहीर करायचं. तुमच्या फोनमधल्या ॲपात ते कुठे लिहिलंय शोधून बघा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. नोव्हेंबर २०२३ मधे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात वेष पालटून आलेली जाहिरातही आहे. कागदावर आहे सगळं. प्रश्न इतकाच आहे की फिकट राखाडी रंग हा वेष आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

तोपर्यंत आपल्यापुरते दोन उपाय, फुकट. एक, 'स्वस्त ते महाग' असा क्रम चुकूनही लावू नका. तो लावला की जुळणं-बिळणं बाजूला राहतं, आणि एखादाच शब्द जुळल्यामुळे आत घुसलेला तळाचा सगळा गाळ, केवळ स्वस्त म्हणून, वर येतो. त्याऐवजी आधी डावीकडचा विभाग निवडा, 'स्वयंपाकघर' वगैरे. देव तिथेच गळतात. दोन, नको ते समोर आलं तर कुतूहलाने उघडू नका. तुमचं बोट हे मत आहे, आणि ते मोजलं जातं.

आणि तुमच्या घरी कुणी मोठं माणूस म्हणालं की "मला जमत नाही", तर कृपा करून शेजारी बसून बघा ते काय लिहितायत. बहुतेक वेळा बरोबरच लिहीत असतात.

होळीला पुरण मस्त झालं. नवीन जाळी जरा कडक आहे, फिरवताना जोर लागतो, ते काम माझ्याकडे होतं. दुसरी पोळी ताटात पडली तेवढ्यात आईचा फोन वाजला. ॲपचा निरोप होता. तुम्ही पाहिलेलं श्रीयंत्र आता तीस टक्के सवलतीत, संधी दवडू नका.

आई म्हणाली, "घेऊन टाकू का रे? सारखं विचारतंय बिचारं."